एडमंडची फितुरी आणि आपल्या घरातील वाचक

बालकांच्या अद्भुतकथांविषयी पालक मंडळी जे प्रश्न पुनःपुन्हा विचारतात, त्यांचे शब्द निरनिराळे असले तरी आशय बहुधा एकच असतो. पुस्तकातला नायक वडीलधाऱ्यांशी खोटे बोलतो, रात्रीबेरात्री वसतिगृहात भटकतो, शिक्षकांचा हुकूम मोडतो आणि शेवटी सत्कारही त्याचाच होतो. मग असे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे की न द्यावे? दुसरा प्रश्न याच्याच पोटातून निघतो: तीच कथा पडद्यावर दोन-अडीच तासांत पाहून होत असेल, तर पुस्तकाचा आग्रह कशाला? आणि तिसरा, काहीशा संकोचाने विचारला जाणारा: आमची कन्या हल्ली चित्रपटातल्या मुलीसारखी फाडफाड उलट बोलते, याला जबाबदार कोणाला धरावे? या लेखात साहित्यशास्त्राची चर्चा करण्याचे प्रयोजन नाही. कोणती कथा केव्हा, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तयारीने मुलांपुढे ठेवावी, एवढ्यापुरतेच येथे बोलावयाचे आहे.

कसूर पाहू नका, कसुरीनंतरचे पाहा

आपली पहिली तपासणी कृत्याची असते. मुलगा खोटे बोलला, की पुस्तक बाजूला. परंतु ज्या कथेत कोणीच काही वावगे करीत नाही ती मुले चार पानांत मिटून ठेवतात, आणि त्यांचे ते करणे रास्तच असते. कारण मोह, भीती, मत्सर आणि नंतरचा पश्चात्ताप यांची तोंडओळख ज्या वयात निर्धोकपणे व्हावी, त्या वयात ती करून देण्याचे काम या कथा करीत आल्या आहेत.

सी. एस. लुइस यांच्या १९५० साली निघालेल्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ या कादंबरीतील एडमंड हा मुलगा नमुन्यादाखल घ्या. हवाई हल्ल्यांमुळे लंडनबाहेर एका वृद्ध प्राध्यापकाच्या वाड्यात पाठविलेल्या चार भावंडांपैकी हा तिसरा. कपाटातून नार्नियाच्या राज्यात गेल्यावर तेथील चेटकीण त्याला गरम पेय आणि ‘टर्किश डिलाइट’ नावाची मिठाई देऊन वश करून घेते, आणि आणखी मिठाईच्या आशेने हा भावंडांना तिच्या हवाली करण्याचे कबूल करतो. (हे पुस्तक ज्या इंग्रज मुलांनी प्रथम वाचले त्यांच्या देशात १९५३ सालापर्यंत गोड खाऊ रेशनवर मिळत होता, हे ध्यानी घेतले म्हणजे एवढ्याशा मिठाईसाठी एवढी मोठी फितुरी कशी झाली, याचा उलगडा होतो.) तथापि त्याची सर्वांत नीच कृती ती नव्हे. धाकटी ल्यूसी आनंदाने सर्वांना सांगते की, आता एडमंडनेही नार्निया पाहिला आहे, आणि हा शांतपणे म्हणतो, छे, आम्ही नुसता खेळ खेळत होतो. ज्या घरात दोन भावंडे आहेत त्या घरातील प्रत्येक मुलाला या एका वाक्याचे वजन ताबडतोब कळते. त्यासाठी चेटकीण लागत नाही.

यानंतर लुइस काय करतात ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. ज्या मिठाईसाठी हा फितूर झाला, तिच्याऐवजी त्याला कोरडा पाव आणि पाणी मिळते; त्याच्या अपराधापायी दुसऱ्या कोणाला प्राण द्यावे लागतात; आणि सुटकेनंतर सिंह अस्लान त्याला एकट्याला दंवाने भिजलेल्या गवतावर बाजूला नेऊन बोलतो. ते बोलणे काय झाले, हे लेखकाने वाचकाला सांगितलेले नाही. पुढे एडमंड प्रत्येक भावंडाशी हात मिळवून क्षमा मागतो आणि झाल्या गोष्टीची चर्चा तेथेच बंद होते. मुलांना चार पाहुण्यांसमोर झाडण्याची आपल्याकडील हौस पाहता, हे एक पान पालकांनीच दोनदा वाचावे असे मला वाटते.

तेव्हा पुस्तक चाळताना आपण तीन गोष्टी विचारा:

- अपराधाची किंमत कोणाला मोजावी लागली, आणि ती किंमत मोजली जात असताना अपराधी मुलाला दिसली का?
- चूक उमगली ती कोणाच्या प्रवचनाने की घडलेल्या प्रसंगाने?
- परत येण्याची वाट कथेत शिल्लक आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले तर पुस्तक टाकाऊच ठरते, असे मात्र नाही. रोआल्ड डाल यांच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ (१९६४) मध्ये खादाड, लाडावलेल्या, सदैव च्युइंगम चघळणाऱ्या आणि दूरचित्रवाणीवेड्या अशा चार मुलांची जी वासलात लागते, ती शुद्ध प्रहसनाची आहे. आठ वर्षांचे मूल ती हसण्यावारी नेते. जपावे ते सहा वर्षांखालील मुलांना, कारण नळीतून ओढला गेलेला मुलगा त्यांना खराच गेलेला वाटतो.

रूपांतराने काय गाळले, ते आधी तपासा

येथे बहुतेकांची गफलत होते. पुस्तक आणि चित्रपट यांत कथानक एकच, तेव्हा वर्तनही एकच, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती अशी की, पडद्यावर खोडी टिकते, कारण ती पाहण्यास गंमत वाटते. आणि खोडीचा परिणाम पुष्कळदा कात्रीत सापडतो, कारण तो संथ असतो.

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकात (१९९७) मध्यरात्री बाहेर सापडलेल्या हॅरी, हर्मायनी आणि नेव्हिल या तिघांचे प्रत्येकी ५० गुण कापले जातात, आणि एका रात्रीत दीडशे गुण घालविले म्हणून कालपर्यंत हॅरीची वाहवा करणारी शाळा त्याच्याशी बोलेनाशी होते; या अबोल्याचे आणि खालमानेने वर्गात बसण्याचे वर्णन लेखिका जे. के. रोलिंग यांनी आपल्या नेहमीच्या सावकाशीने केले आहे. २००१ सालच्या चित्रपटात गुण कापले जातात, पण शाळेने टाकलेला तो बहिष्कार जवळजवळ नाहीसा झाला आहे. परिणामी, ‘हे पोर काहीही करते आणि त्याला काहीच होत नाही’ ही जी तक्रार पालक करतात, ती पुस्तकाविरुद्ध केलेली असली तरी बव्हंशी चित्रपटाला लागू पडते.

दुसरा प्रकार दोष आणि गुण यांच्या अदलाबदलीचा. तिसऱ्या पुस्तकात शिक्षक स्नेप हर्मायनीला भर वर्गात टोचून बोलतात तेव्हा एरवी तिच्याशी भांडणारा रॉन उसळून उत्तर देतो आणि शिक्षा ओढवून घेतो; २००४ सालच्या चित्रपटात तोच रॉन शिक्षकांच्या बोलण्याला दुजोरा देतो. पहिल्या भागातील गळफास घालणाऱ्या वेलीच्या प्रसंगातही पुस्तकातली हर्मायनी क्षणभर गोंधळते व रॉन तिला भानावर आणतो, तर पडद्यावर ती निर्धास्त असते आणि घाबरतो तो रॉन. केवळ चित्रपट पाहणाऱ्या मुलाला हुशार मुलगी कधीच चुकत नाही आणि विनोदी मित्र भित्राच असतो, असा समज करून घेण्यास पुरेपूर जागा राहते.

बदल प्रत्येक वेळी बिघाडच करतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डाल यांच्या पुस्तकातील चार्ली काहीच वावगे करीत नाही. बाकीचे गळाले म्हणून तो उरतो. १९७१ सालच्या चित्रपटात मात्र तो आणि आजोबा मनाई असलेले फेसाळ पेय चोरून पितात, त्यापायी बक्षीस गमावतात, आणि तरीही चार्ली जवळ ठेवता येण्याजोगी वस्तू मुकाट्याने परत करतो. खुद्द डाल यांना तो चित्रपट मानवला नव्हता. तरी या एका बाबतीत माझा कौल चित्रपटाकडे जातो.

सर्वांत बोधप्रद उदाहरण पिनोकिओचे. इटलीतील कार्लो कोल्लोदी यांनी १८८१ पासून मुलांच्या साप्ताहिकात लिहिलेल्या या कथेतला लाकडी पोर उपदेश करणाऱ्या रातकिड्याला चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून ठार मारतो, आणि पंधराव्या प्रकरणात स्वतः ओकच्या झाडाला लटकविला जातो. कथा तेथेच संपली होती, ती वाचकांच्या आग्रहाखातर पुढे चालली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. डिस्ने यांच्या १९४० सालच्या चित्रपटात रातकिडा मरत तर नाहीच, उलट तोच मुलाचा विवेक म्हणून नेमला जातो, आणि उद्दाम पोराचा एक भोळा, फसणारा बालक होतो. गिलेर्मो देल तोरो यांच्या २०२२ सालच्या चित्रपटात हीच कथा मुसोलिनीच्या इटलीत घडते. तेथे निमूट आज्ञापालन हाच धोका आणि अवज्ञा हा सद्गुण ठरतो. एकाच पोराच्या अवज्ञेवर तीन निकाल आहेत; आपल्या मुलाला त्यांपैकी कोणता ऐकविणार, हे दुकानातून ‘पिनोकिओ’ एवढे नाव पाहून उचलल्याने ठरत नाही. माझी शिफारस अशी: डिस्नेचा चित्रपट सहा-सात वर्षांनंतर, तोही मुलांची गाढवे होण्याच्या प्रसंगी शेजारी बसून; कोल्लोदींचे पुस्तक आठ वर्षांपुढे, मोठ्याने वाचून दाखवीत; देल तोरो यांचा चित्रपट अकरा-बारा वर्षांपूर्वी नको.

संक्षिप्त आवृत्त्यांपासून सावध राहा. त्यांत नेमके नायकाचे अपराध आणि त्यांची फळे हीच प्रथम छाटली जातात. मूळ पिनोकिओची ३६ प्रकरणे आहेत. अनुक्रमणिकेत दहा-बाराच दिसली, तर आपल्या हाती काय आले आहे ते समजा.

पुस्तक आधी की चित्रपट आधी?

सरसकट नियम नाही. पुढील तीनपैकी आपल्या घराला जो पर्याय सोसेल तो घ्यावा.

- स्वतः वाचणारे मूल: पुस्तक आधी. चित्रपट पाहताना ‘हे असे नव्हते’ अशी कुरकूर ते करील; ती होऊ द्यावी, कारण वर्तनाविषयीची चर्चा पालकांना न काढता आपोआप निघते.
- वाचनाचा कंटाळा असलेले मूल: चित्रपट आधी, आणि त्यात गाळलेला एकच प्रसंग पुस्तकातून वाचून दाखवावा. हॅरी पॉटर मराठीतही उपलब्ध असल्याने इंग्रजीची अडचण सांगण्यास जागा नाही.
- वेगवेगळ्या वयांची भावंडे: धाकट्याच्या वयाला झेपेल असे निवडावे. थोरल्याला कंटाळा आला तरी चालेल, धाकट्याची झोप उडालेली चालत नाही. भीतीचा सराव करावयाचाच असेल तर भरल्या नाट्यगृहासारखे सुरक्षित ठिकाण नाही; रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण पाहून शेजारची पन्नास मुले एकदमच किंचाळतात, आणि त्या गलक्यात एकट्याची भीती विरून जाते.

मूल विचारील असे काही अवघड प्रश्न

*‘बालूने मोगलीला मारले, मग गुरुजींनी मारले तर?’* किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’ मध्ये (१८९४) अस्वल बालू धडे पाठ करवून घेताना मोगलीला चापट्या देतो, आणि माकडांच्या तावडीतून सोडविल्यावर बिबळ्या बघीराही शिक्षा देतो. डिस्नेच्या १९६७ सालच्या चित्रपटात हा मामला नाही. मुलाला सरळ सांगावे की, सिवनीच्या त्या जंगलाचा कायदा त्या कथेपुरता. आपल्याकडे २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे.

*‘हॅरीने कोणालाच का सांगितले नाही?’* पाचव्या पुस्तकात (२००३) अम्ब्रिज बाई हॅरीला अशा लेखणीने वाक्य लिहावयास लावतात की ते त्याच्या हाताच्या कातडीवर कोरले जाते, आणि तो स्वाभिमानापोटी मोठ्यांपासून हे लपवितो. २००७ सालच्या चित्रपटातही हा प्रसंग आहे. माझ्या मते संपूर्ण मालिकेत पालकांनी थांबून बोलावे असे स्थळ कोणते, तर हे. जादू, राक्षस, मृत्यू यांपेक्षाही हे. ‘तू असतास तर कोणाला सांगितले असतेस?’ असे विचारा, आणि उत्तरात आपले नाव आले नाही तर रागावू नका, ज्याचे आले त्याची नोंद ठेवा. त्याच बैठकीत १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक सांगून टाकावा.

*‘सुझनला का वगळले?’* नार्नियाच्या शेवटच्या पुस्तकात (१९५६) थोरली सुझन समारंभांच्या व नट्ट्यापट्ट्याच्या नादी लागल्यामुळे नार्नियाची राहिली नाही, असे तिचा भाऊ आणि इतर सोबती सांगतात. चित्रपटांची मालिका २००५, २००८ आणि २०१० या तीन भागांवरच थांबल्याने पडद्यावर हे कधी आलेच नाही. उलट दुसऱ्या भागात सुझन धनुष्य घेऊन आघाडीवर लढताना दिसते. चित्रपट पाहून पुस्तकाकडे वळलेल्या मुलीला येथे धक्का बसतो. लेखकाची बाजू मांडण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. लुइस यांचे हे मत होते, ते अनेकांना रुचलेले नाही आणि तुलाही रुचले नाही तरी चालेल, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मुलाने नक्कल केली तर

नक्कल होते ती जादूची नव्हे. घरात ज्याचे साहित्य मिळते त्याची. छडी फिरवून कोणाचे काही बिघडत नाही. परंतु डाल यांच्या ‘मटिल्डा’त (१९८८) ती मुलगी बापाच्या टोपीला आतून जबर चिकटणारा गोंद लावते आणि त्याच्या केसांच्या तेलात रंग मिसळते, हे दोन्ही पदार्थ कोणत्याही घरात सापडतात. लुइस यांना ही जोखीम उमगली होती. कपाटात शिरून दार लावून घेणे हा मूर्खपणा आहे, असे त्यांनी त्या छोट्या पुस्तकात पुनःपुन्हा बजावले आहे; ल्यूसी दार उघडे ठेवते आणि एडमंड ते लावून घेतो, यातच दोघांचा स्वभाव आला. आपल्याकडील पोलादी कपाटाची कडी आतून उघडत नाही, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवून द्यावे. जे. एम. बॅरी यांनी तर ‘पीटर पॅन’ नाटकात (१९०४) उडण्यासाठी परीची धूळ लागते ही अट मागाहून घातली, ती पालकांच्या विनंतीवरून. कारण मुले पलंगावरून उड्या घेऊन हातपाय मोडून घेऊ लागली होती.

नक्कल आढळल्यावर क्रम असा ठेवावा:

1. प्रथम धोक्याची वस्तू हलवा, बोलणे नंतर.
2. ‘हे त्या पुस्तकामुळे’ असे मुलासमोर म्हणू नका. त्याला आयती सबब मिळते.
3. त्या पात्राचे पुढे काय झाले, ते मुलाकडूनच वदवून घ्या. मटिल्डाचे आईबाप कसे होते, हा प्रश्न त्यात येणारच. त्याची तयारी ठेवा.
4. केवळ उलट बोलण्यापुरती नक्कल असेल, तर एक आठवडा दुर्लक्ष करून पाहा. बहुतेक संवाद तेवढ्यात शिळे होतात.

पुस्तक जप्त करणे हा उपाय शक्यतो टाळावा. जप्त झालेले पुस्तक मित्राच्या घरी वाचले जाते, आणि मग त्यावर बोलण्याची आपली संधीही जाते.

प्रमाणपत्र, कुलूप आणि तक्रार

चित्रपटगृहातील चित्रपटासाठी २०२३ सालच्या दुरुस्तीने ‘यूए’ या प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन पोटभाग केले आहेत. हे अंक पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत. ‘ए’ प्रमाणपत्राप्रमाणे ते प्रवेशास मनाई करीत नाहीत, त्यामुळे दारावरचा कर्मचारी आपल्या मुलाला अडवील या भरवशावर राहू नये. जुन्या चित्रपटांवर नुसते ‘यूए’ असेल, तर १२ वर्षांखालील मुलांसाठी पालकांनी विचार करावा, असा त्याचा अर्थ.

घरबसल्या पाहण्याच्या ओटीटी सेवांना २०२१ सालचे माहिती तंत्रज्ञान नियम लागू आहेत. त्यांनुसार प्रत्येक कार्यक्रमावर वयोगट आणि आशयाचे वर्णन दाखविणे, तसेच १३ वर्षांवरील व त्यापुढील वर्गाच्या कार्यक्रमांना पालकांच्या हातचे कुलूप उपलब्ध करून देणे सेवादात्यावर बंधनकारक आहे. हे कुलूप आपोआप लागत नाही. मुलासाठी स्वतंत्र प्रोफाइल उघडून वयोमर्यादा निवडावी लागते, आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घालावा लागतो. दुसरी गोष्ट राहून गेली की पहिलीचा काही उपयोग नाही.

वयोगट चुकीचा दिला आहे असे वाटल्यास तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार आहे. ‘पात्र उद्धट आहे’ हे कारण टिकणार नाही. ‘७ वर्षांवरील वर्ग दिलेल्या भागात अमुक मिनिटाला अमुक दृश्य आहे’ हे टिकेल. अर्ज सेवादात्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावा. त्याचे नाव व पत्ता संकेतस्थळावर देणे आवश्यक आहे. २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय, अशी मुदत नियमांत आहे. निर्णय न आल्यास वा तो न पटल्यास पुढची पायरी स्वनियमन मंडळाची. न पटलेल्या निर्णयाविरुद्ध तेथे १५ दिवसांच्या आत दाद मागावी लागते, म्हणून पोच आणि उत्तर या दोहोंच्या तारखांसह नक्कल जपून ठेवावी, आणि ज्या दृश्याविषयी तक्रार आहे त्याचे मिनिट व सेकंद अर्जातच लिहावेत.